वायरींची वेणी

ऑपरेशनच्या खोलीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सर्जनसाहेब एकदा गमतीनं "वेणीताई" म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या केसांशी त्याचा काही संबंध नव्हता. केस बिचारे दिवसभर टोपीखाली. वेणी ती वायरींची घालायची.

ती तिथली टेक्निशियन. मशीन मांडायची, जोडायची, ऑपरेशनभर त्यांच्यावर डोळा ठेवायची, नंतर पुसून जागेवर लावायची. मधोमध टेबल, वर मोठा दिवा, डोक्याच्या बाजूला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं बस्तान आणि त्यांचा मॉनिटर, शेजारच्या ट्रॉलीवर कॉटरीचं मशीन. कॉटरी म्हणजे विजेवर चालणारी लेखणीच म्हणा ना. सर्जन पायानं पेडल दाबतात, मशीन 'टीं' करतं, आणि लेखणीचं टोक टेकेल तिथं कापलं जातं, रक्तही जागच्या जागी थांबतं. पण वीज ही पाहुणी. आली तशी तिला नीट वाटेला लावावी लागते. त्यासाठी पेशंटच्या मांडीला एक चिकट प्लेट लावतात. लेखणीतून शिरलेली वीज त्या प्लेटमधून मुकाट्यानं मशीनकडे परत जाते. प्लेट अर्धवट चिकटली, किंवा पेशंटचा हात टेबलाच्या उघड्या लोखंडाला टेकला, तर ही पाहुणी भलत्याच दारानं बाहेर पडू शकते आणि जाता जाता चटका देऊन जाते.

वेणीताईच्या हाताखाली असा चटका कुणाला बसलेला नव्हता. "देवावर भार टाकावा, पण गाठ आपण मारावी," असं तिच्या सासूबाई म्हणत. ती प्लेट लावताना मनात देवाचं नाव घ्यायची, आणि नाव घेऊन झालं की प्लेटच्या चारी कडा पुन्हा एकदा तळहातानं दाबून बघायची.

वेणीची गोष्ट अशी. पूर्वी या खोलीत जमिनीवर वायरींचा नुसता बुजबुजाट असे. एकदा सर्जनसाहेबांचा पाय लेखणीच्या वायरीत अडकला, अख्खी कॉटरीची ट्रॉली कलंडली, आणि हिनं ती कमरेचा टेकू देऊन सावरली. कंबर पुढं बरेच दिवस बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिनं लेखणीची वायर, प्लेटची वायर आणि पेशंटच्या छातीवरून, बोटावरून मॉनिटरकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा, असे तीन पेड घेतले आणि सुरेख वेणी घातली. शेवटाला पांढऱ्या फितीची गाठ. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून स्टीलच्या चिमट्यानं हिरव्या चादरीला टांगलं. जमीन अशी मोकळी झाली, की झाडणाऱ्या मावशींनी हात जोडले. तपासणीला आलेले लोक तिथंच थबकून बघत. सिस्टरांनी वेणी शिकून घेतली, शेजारच्या खोलीतही तीच रीत पडली. कुणी कौतुक केलं की वेणीताई म्हणायची, "त्यात काय एवढं?" पण म्हणताना फितीची गाठ जरा आणखी सरळ करायची.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट होती, मॉनिटरचा ठसका. कॉटरी 'टीं' झाली, की पडद्यावरची हृदयाची रेषा थरथरायची, वेडीवाकडी व्हायची, आणि आवाज थांबला की पुन्हा शहाण्यासारखी चालू लागायची. बोटावरची नाडीही तेवढ्यापुरती हरवायची. जुन्या मॉनिटरलाही थोडा लागायचा, नव्याला जास्त लागायला लागला. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणायच्या, "ठसका लागलाय, जाऊ दे, मग बघते." करकरणाऱ्या दाराला घरातली माणसं जशी सरावतात, तसंच झालं होतं.

तर अशा या खोलीत एक दिवस तिच्या सासूबाईंनाच यायची पाळी आली.

सासूबाई म्हणजे घरातली शिस्त. टॉवेलाच्या घडीची कड बाहेर दिसली तर तो पुन्हा घडी व्हायचा. पहाटे उठून ट्रान्झिस्टरवर भक्तिगीतं लावायची, देवापुढं दिवा लावायचा, आणि मग घरातल्या प्रत्येकाला त्याच्या चुका सांगायच्या, हा त्यांचा नेम. त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवलेला होता. त्याला त्या "माझा पहारेकरी" म्हणत. पहारेकरी इमानी होता. पण आता पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते, आणि जेवणानंतर पोटात अशी कळ यायची, की ही बाई, जी दाढ काढतानाही हूं की चूं करत नाही, ती भिंतीला टेकून बसायची. सर्जनसाहेबांनी तपासून सांगितलं, "पिशवी काढायची. उशीर नको. पुढच्या वेळी कळ आली तर ती एकटी येणार नाही, ताप घेऊन येईल."

मग डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या बोलायला मऊ, पण कामाला पक्क्या.

"आजी, तुमचा पहारेकरी काय करतो ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या. "दिवसरात्र हृदयाला कान लावून बसतो. हृदयानं ठोका दिला की हा गप्प. नाही दिला की हा ढोसतो."

"सासऱ्यांनी नेमलेल्या राखणदारासारखा," सासूबाई म्हणाल्या. "पुढं?"

"पुढं असं, की कॉटरी सुरू झाली की विजेचा गोंगाट होतो. आपल्या कानाला येत नाही, पण पहारेकऱ्याला येतो. त्याला वाटू शकतं, हृदयच ठोके देतंय. मग तो गप्प बसतो."

"आणि खरं हृदयही गप्पच असलं तर?"

"म्हणून तर बोलतेय. त्यावर तोडगे आहेत. पेसमेकरचा माणूस येऊन त्याला सांगून ठेवतो, आज काही ऐकू नकोस, नुसते ठोके देत राहा. प्लेट अशी लावायची, की वीज पोटातून मांडीकडं जाईल, छातीकडं वळणारच नाही. साहेब पेडल थोडं थोडं दाबतील." मग त्या वेणीताईकडं वळल्या. "पण मला क्षणोक्षणी दिसायला हवं की हृदय खरंच चालतंय. आणि आपल्या खोलीत कॉटरी लागली की माझ्या पडद्यावर नुसता गवताचा भारा. इतके दिवस चालवून घेतलं, कारण पेशंटची हृदयं स्वतःच्या पायावर उभी होती. इथं नाही चालवून घेणार. आजींना मोठ्या हॉस्पिटलला नेऊ या. मी सोबत येते."

"मी कुठं जायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अहो..."

"आई नाही आणि अहो नाही. तिथं मला कोण ओळखतं? इतकी वर्षं ही रोज माझ्यासमोर डबा घेऊन निघते. कुणाच्या जिवाला जपायला जाते, ते बघू दे की मला. देवाच्या दारात नाहीतर सुनेच्या खोलीत, दोनच ठिकाणी मी डोळे मिटून पडेन. नाहीतर खडे राहू देत पोटात. सवय झालीय."

सवय झालीय! वेणीताईला तो शब्द नेमका लागला. ती म्हणाली, "मॅडम, मला पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ द्या. ठसका काढते."

"निघाला तर आपल्या खोलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही निघाला, तर आजींना उचलून गाडीत घालायचं काम तुमचं."

"ती उचलली जायची नाही," सासूबाई स्वतःबद्दल म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मशीनवाला इंजिनिअर आला. भला माणूस. त्यानं कॉटरी उघडली, आपल्या पेटीतल्या आखूड वायरी लावून तपासली. वीज कुठं झिरपत नव्हती. अर्थिंग उत्तम. मग मॉनिटर तपासला. तोही उत्तम.

"म्हणजे कॉटरी निर्दोष, मॉनिटर निर्दोष, भिंतीतली वायरिंग निर्दोष," वेणीताई म्हणाली. "मग ठसका काय मला लागतो?"

तो हसला. "ताई, खोटं कशाला बोलू, मला सापडला नाही. कॉटरी गोंगाट करणारच, तिचा स्वभावच तो. पण तो गोंगाट एवढ्या जोरात मॉनिटरपर्यंत पोचतोय, म्हणजे कुणीतरी त्याला हाताला धरून नेतंय. कोण, ते बघा. आतापर्यंत जे बघितलं नाही तिथं बघा."

तिनं बघायचं काय बाकी ठेवलं? पेडल बदललं. प्लेटचं नवं पाकीट फोडलं. छातीवर लावायचे स्टिकर बदलले. मॉनिटर वेगळ्या प्लगला लावला. ठसका होता तिथंच. घरी आली की सासूबाई विचारायच्या, "काय, निघाला?" आणि ती म्हणायची, "निघेल." नवऱ्यानं हळूच सुचवलं, की मोठ्या हॉस्पिटलात चौकशी करून ठेवू का. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पाणी भरायला निघून गेला.

एका सकाळी ती मिक्सर लावत होती. सासूबाईंचा ट्रान्झिस्टर ओट्यावर, मिक्सरच्या शेजारीच. मिक्सर सुरू झाला मात्र, गाण्यात खरखर सुरू झाली.

"अगं, बंद कर ते! देवाच्या गाण्यात खडे पडले," सासूबाई आतून ओरडल्या.

हे रोजचंच होतं. रोज त्या ओरडायच्या, रोज ती म्हणायची, "झालंच, आई." पण आज तिचा हात मिक्सरच्या बटणावरच थांबला. बंद केला, गाणं स्वच्छ. सुरू केला, खरखर. तिनं ट्रान्झिस्टर उचलून खिडकीशी नेला, खरखर कमी. परत आणून मिक्सरच्या वायरीला टेकवला. नुसता ओरडायला लागला.

"खेळ मांडलायस का सकाळी सकाळी?" सासूबाई दारात येऊन उभ्या.

"आई, तुमचा रेडिओ आज मला नेऊ द्या."

"ऑपरेशन करताना गाणी लावता की काय?"

"नाही. चोर पकडायचाय. जो गोंगाट आपल्याला ऐकू येत नाही, तो ह्याला येतो."

सासूबाईंनी ट्रान्झिस्टर पदरानं पुसला, मागचं झाकण घट्ट केलं आणि दिला. "स्टेशन बदलू नकोस," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशीची ऑपरेशनं उरकल्यावर तिनं सगळ्यांना थांबवून घेतलं. टेबलावर प्लेट ठेवली, प्लेटवर एक भला मोठा सोललेला बटाटा. सिस्टरला शेजारी खुर्चीवर बसवलं, तिच्या छातीला स्टिकर लावले, बोटाला नाडीची चिमटी लावली. आणि रोजच्यासारखी सगळ्या वायरींची वेणी घालून वेटोळं चिमट्यानं चादरीला टांगलं.

सर्जनसाहेब हातमोजे घालून बटाट्यापुढं उभे राहिले. "पेशंटचे नातेवाईक बाहेर आहेत का? सही घेतली का?"

"साहेब, जपून," सिस्टर म्हणाली. "त्याला डोळे आहेत."

"पेडल दाबा, सर," वेणीताई म्हणाली. तिला हसू येत नव्हतं.

'टीं' झालं. बटाटा चरचरला, खोलीत भाजका वास सुटला. मॉनिटरवर सिस्टरची रेषा गवतासारखी उभी राहिली. वेणीताईच्या हातात ट्रान्झिस्टर. तो खोलीत सगळीकडंच थोडा कुरकुरत होता. ती मशीनजवळ गेली, कुरकुर वाढली. ते ठीक. लेखणीच्या वायरीजवळ नेला, तर खरखराट. तेही ठीक, ती बोलणारी वायर, ती बोलणारच. मग ती मॉनिटरकडं सरकली. मॉनिटरची वायर ऐकणारी. पेशंटच्या छातीतली कुजबुज ती पडद्यापर्यंत नेते. तिच्याजवळ तरी शांत असायला हवं. ट्रान्झिस्टर तिथंही तेवढाच खरखरला.

"ही का बडबडतेय?" ती स्वतःशीच म्हणाली. तिनं मॉनिटरच्या मागचा प्लग काढून पुन्हा बसवला. "हाच सैल असणार." पुन्हा 'टीं'. पुन्हा गवत. तिनं स्टिकर दाबले. पुन्हा गवत. ट्रान्झिस्टर घेऊन ती वायरीच्या कडेकडेनं मागं मागं येत गेली, आणि तो वेणीच्या वर आला, चिमट्यावरच्या वेटोळ्याला टेकला, तेव्हा असा किंचाळला, की सिस्टरनं कानावर हात ठेवले.

सगळ्यांना दिसलं होतं, आणि वेणी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वेणीताईनं ट्रान्झिस्टर खाली ठेवला. बोलणारी वायर आणि ऐकणारी वायर तिनं स्वतःच्या हातानं एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बांधल्या होत्या. एक बडबडत होती ती दुसरीच्या कानात. वर वेटोळं करून गोंगाटाला झोपाळा बांधून दिला होता. इंजिनिअरला सापडलं नाही, कारण त्यानं आपल्या वायरी आणल्या होत्या. त्यांना कुणी वेणी घातली नव्हती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सर्जनसाहेब हळूच म्हणाले. मग लगेच, "कळसा आम्हा सगळ्यांच्याच काखेत होता म्हणा. वेणीचं कौतुक मीच जास्त केलं."

"पाय तुमचा अडकला होता ना, सर," ती म्हणाली. "सगळं त्या पायापासून सुरू झालं." आणि तिनं पांढऱ्या फितीची गाठ सोडली.

पेड सोडवायला वेळ लागला, कारण वेणी चांगली घातलेली होती. लेखणीची वायर तिनं पायाच्या बाजूनं मोकळी काढली, मॉनिटरचा जुडगा डोक्याच्या बाजूनं. स्टीलचा चिमटा काढून ठेवला. "दाबा, सर."

'टीं'. बटाटा चरचरला. सिस्टरची रेषा किंचित शहारली आणि आपल्या चालीनं चालत राहिली. सर्जनसाहेबांनी पेडल दाबूनच ठेवलं. बटाट्याला भोक पडलं, तरी रेषा हलली नाही.

डॉक्टरीणबाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होत्या. "आजींना सांगा, उपाशी पोटी या," त्या म्हणाल्या.

पण वेणी सोडली म्हणून पाय अडकायचे थांबत नाहीत. पुढचे दिवस वेणीताईनं त्याच्यामागं घालवले. बोलणाऱ्या वायरी पायाकडून, ऐकणाऱ्या डोक्याकडून. जमिनीवरच्या तेवढ्या रबरी चटईखाली. टांगायचीच तर प्लास्टिकच्या पकडीनं, आणि वेटोळं करायचं नाही, सैल लांब सोडायची. दोघींची वाट जिथं छेदायचीच, तिथं आडवं छेदून सरळ पुढं जायचं, शेजारी शेजारी चालायचं नाही.

"लक्षात कसं ठेवायचं, ताई?" सिस्टरनं विचारलं. "हात आपोआप वेणीकडं जातो."

"तुझ्या घरी दोन जावा आहेत ना?"

"आहेत की. मी आणि धाकटी."

"एका स्वयंपाकघरात होतात तेव्हा कसं होतं?"

"विचारू नका."

"आणि आता चुली वेगळ्या झाल्यावर?"

"आता मायेचा पूर आलाय."

"तेच. ह्या दोघींच्या चुली वेगळ्या. दारात भेटायचं, बरं आहे ना म्हणायचं आणि आपापल्या घरी जायचं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पेसमेकरचा माणूस आला. त्यानं सासूबाईंच्या छातीवर हातातलं यंत्र धरलं आणि पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, आज कुणाचं ऐकू नकोस. "ऑपरेशन झालं की पुन्हा ऐकता करून देतो," तो म्हणाला. "तोवर इथंच बसतो."

"घरातल्यांनाही असं एक दिवस करून देता का?" सासूबाईंनी विचारलं.

सर्जनसाहेबांनी वेणीताईला बाजूला घेतलं. "घरचं माणूस टेबलावर असताना आपण आत नसतो. हा माझ्यासाठीही नियम आहे. तुमचं काय करू?"

"आत राहू द्या, सर. मी आईंकडं बघणार नाही. वायरींकडं बघेन."

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "वायरींकडं बघायला तिच्याइतकं रागावलेलं माणूस दुसरं नाही. राहू दे."

सासूबाईंना टेबलावर घेतलं. टोपी घातलेली, चष्मा काढलेला, तरी नजर चौफेर. डोक्याकडून एक वायर, पायाकडून एक, चटईखालून एक, वरून एक सैल सोडलेली.

"अगं, हा काय पसारा?" त्या म्हणाल्या. "शेजारीपाजारी सांगत होते, तुमच्या सुनेनं खोली कशी लखलखीत ठेवलीय. तुझी ती वेणी कुठाय?"

"सोडली, आई."

"माझ्याच वेळी बरी सोडलीस!"

"तुमच्यासाठीच सोडली."

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग छताकडं बघून देवाचं नाव घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "द्या काय द्यायचं ते."

त्या झोपल्यावर तिनं त्यांच्या उजव्या मांडीची कातडी पुसून कोरडी केली, प्लेट लावली, देवाचं नाव घेतलं, आणि चारी कडा पुन्हा दाबून बघितल्या. दोन्ही हात टेबलाच्या लोखंडापासून वेगळे आहेत ना, तेही बघितलं. मग आपल्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. सासूबाईंकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला जमलं, कारण बघण्यासारखं एकच होतं, ती हिरवी रेषा.

"सुरू करतो," साहेब म्हणाले. 'टीं'. रेषा चालत राहिली. बारीक, उभे, एकसारखे ठोके, पहारेकऱ्यानं दिलेले. डॉक्टरीणबाईंचं एक बोट सासूबाईंच्या मनगटावर होतं, डोळे पडद्यावर. 'टीं', जरा थांबा. 'टीं', जरा थांबा. साहेब थोडं थोडंच दाबत होते. बोटावरच्या नाडीचा टक-टक आवाज एकदाही अडखळला नाही.

काम निम्म्यावर आलं असेल. साहेबांनी लेखणी बाजूला दिली, दुसरं अवजार घेतलं, पुन्हा लेखणी मागितली. 'टीं' झालं आणि रेषा एकदम उभी थरथरली. गवत. टक-टक हरवली.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साहेबांचा पाय पेडलवरून उठला. "मनगटात नाडी आहे. चांगली आहे. पण मला पडदा दिसत नाहीये."

वेणीताईनं मशीनकडं बघितलंच नाही. तिची नजर चादरीच्या कडेनं धावत गेली आणि थांबली. सिस्टरनं लेखणी परत देताना वायरीचं उरलेलं लांबण सवयीनं गोळा केलं होतं, सुबक वेटोळं करून मॉनिटरच्या जुडग्यावर टेकवून ठेवलं होतं. सुबक, अगदी शिकवल्याबरहुकूम.

"सिस्टर," ती शांतपणे म्हणाली, "ते वेटोळं सोडा. पायाकडं. सैल."

सिस्टरनं सोडलं. "अगं बाई! सवय हो, ताई."

"माझीच आहे. मीच लावली." ती साहेबांकडं वळली. "आता दाबा, सर."

'टीं'. रेषा चालत राहिली.

"चुली वेगळ्या," सिस्टर मास्कच्या आत पुटपुटली, आणि त्यानंतर शेवटपर्यंत तिनं वायरीला नुसतं बोटही लावलं नाही.

पित्ताची पिशवी निघाली. साहेबांनी ताटलीत खडे काढून दाखवले. "एवढे साठवले होते बाईंनी. एकही फुकट घालवला नाही."

दुपारी पेसमेकरच्या माणसानं पहारेकऱ्याला पुन्हा ऐकता केला, तपासला, आणि म्हणाला, "एक ठोका चुकलेला नाही." तेव्हा कुठं वेणीताई भिंतीला टेकली. मग हात धुतले आणि वॉर्डात गेली.

सासूबाई जाग्या होत्या. ओठ कोरडे, आवाज बारीक, पण शब्द जागेवर.

"माझा रेडिओ कुठाय?"

तिनं पिशवीतून काढून उशाशी ठेवला. "स्टेशन बदललेलं नाही."

"चोर सापडला का तुझा?"

"सापडला. घरचाच निघाला."

"घरचाच असतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मला तिथं आवडलं नाही हं, ते वायरींचं. पण झोप छान लागली."

"आई, पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ कुणाला हवीय? पेल्यातलं पाणी दे आधी."

"पाणी आत्ता नाही. ओठ ओले करते."

ओठ ओले करून झाल्यावर सासूबाईंनी हात वर नेला आणि डोकं चाचपलं. टोपी निघाली होती, पांढरे केस उशीभर पसरले होते. सून घरात आल्यापासून त्या कधी कुणासमोर अशा मोकळ्या केसांनी दिसल्या नव्हत्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. समोरच्या खाटेवरची बाई बघत होती.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "तुझे हात आता रिकामे असतील. इथं घाल ती वेणी. घट्ट घाल."

वेणीताई खाटेच्या कडेवर टेकली. सासूबाईंच्या छातीवर अजून मॉनिटरची वायर होती. ती तिनं आधी उचलून पलीकडच्या बाजूला नेली. मग केसांचे तीन पेड केले.